झाइडलित्स: दुसऱ्या धडकेचा सरदार

मार्गशीर्ष जवळ आला की आपल्या खान्देशात घोड्यांची बोलणी सुरू होतात. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत तापीकाठी घोडी उतरतात. दात पाहिले जातात, भोवरे तपासले जातात. पंचकल्याणी आहे का, नुकरा आहे का, उंची किती इंच, रेवाल चाल कशी पडते, हे सगळं बारकाईनं विचारलं जातं. एक गोष्ट मात्र क्वचितच विचारली जाते: हे जनावर चौखूर सुटल्यावर परत हातात यायला किती वेळ लावतं? अठराव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्याच्या एका घोडदळ अधिकाऱ्यानं याच प्रश्नाचा ध्यास घेतला आणि एका घोड्याला लागू पडणारं उत्तर चार हजार घोड्यांना लागू करून दाखवलं. त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म फॉन झाइडलित्स.

युद्धाचा इतिहास वाचणाऱ्यांना तो आठवतो तो तोंडातला मातीचा पाईप हवेत भिरकावून हल्ल्याची खूण करणारा सेनापती म्हणून. चित्रांतही तेच असतं. पण पाईप फेकून पहिली धडक मारणारे सरदार युरोपात डझनांनी होते. झाइडलित्सचं मोठेपण त्यानंतरच्या पाऊण तासात आहे, आणि या लेखाचा सगळा भर तिथेच आहे.

जन्म ३ फेब्रुवारी १७२१, ऱ्हाईनच्या खालच्या अंगाला कालकार गावी. बाप प्रशियाच्या घोडदळात कप्तान होता आणि पोरगा लहान असतानाच वारला. तेराव्या-चौदाव्या वर्षी झाइडलित्स श्वेटच्या मार्ग्रेव्हकडे हुजऱ्या म्हणून लागला. मार्ग्रेव्ह हा एक सरदारी किताब; हा मार्ग्रेव्ह राजघराण्यातला, आणि घोड्यावर बसला की बेभान होणारा माणूस. फिरत्या पवनचक्कीच्या पात्यांमधून घोडा काढणं, रानटी हरणावर बसणं अशा गोष्टी झाइडलित्सच्या नावावर सांगतात त्या याच काळातल्या. त्यातल्या किती खऱ्या हा भाग सोडून देऊ. एवढं नक्की, की खाचखळग्यांतून, कुंपणावरून, चढउतारावरून घोडा काढायची सवय त्याला कोवळ्या वयात लागली. रिंगणात शिकलेला स्वार आणि रानात शिकलेला स्वार यांच्यात फरक असतो. रिंगणात घोडा सांगितलेल्या जागी पाय टाकतो. रानात स्वारानं लगाम इतका सैल ठेवावा लागतो की घोड्याला आपला पाय आपण निवडता यावा, आणि इतका हातात ठेवावा लागतो की निवडून झाल्यावर तो ऐकेल. पुढे झाइडलित्सनं अख्ख्या रेजिमेंटला हेच शिकवलं.

१७४० साली तो मार्ग्रेव्हच्याच चिलखती घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये कॉर्नेट, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी झाला. त्याच वर्षी फ्रेडरिक दुसरा गादीवर आला आणि डिसेंबरात त्यानं ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतावर फौज घातली.

त्या वेळचं प्रशियाचं घोडदळ काय लायकीचं होतं, हे १० एप्रिल १७४१ ला मोलवित्सच्या लढाईत उघड झालं. थोरले घोडे, थोरले स्वार, आणि डोक्यात पायदळाची कवायत. शत्रू समोर आला की जागेवर उभं राहून खोगिरावरून पिस्तुलं आणि बंदुका झाडायच्या, अशी त्यांची शिकवण. ऑस्ट्रियन घोडदळ भरधाव येऊन आदळलं आणि ही भिंत कोसळली. राजाला स्वतःला रणांगण सोडावं लागलं, आणि लढाई जिंकली ती मागे राहिलेल्या पायदळानं.

उभ्या घोड्यावरची फळी का मोडते, हे घोडा पाळणाऱ्याला सांगावं लागणार नाही. उभ्या घोड्यासमोरून धावते घोडे आले तर त्याची जात त्याला पळायलाच सांगते. त्याला धीर द्यायचा तर त्यालाही पुढे चालवावं लागतं. चालत्या घोड्याचं लक्ष पुढच्या जमिनीत आणि शेजारच्या घोड्यात असतं. शिवाय हलत्या खोगिरावरून झाडलेली गोळी लागत नाही, आणि ती झाडायला लगामाचा हात ढिला करावा लागतो. राजानं दोन नियम घालून दिले. हल्ल्यात गोळी झाडायची नाही, फक्त तलवार. आणि शत्रूनं आधी हल्ला केला व आपण उभे राहिलो तर त्या अधिकाऱ्याची नोकरी बेइज्जतीनं गेली.

झाइडलित्सची वाट मात्र सरळ नव्हती. १७४२ मध्ये क्रानोवित्सजवळ थोडक्या स्वारांनिशी एक खेडं धरून बसला असताना मदत आली नाही आणि तो ऑस्ट्रियनांच्या हाती सापडला. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला तेव्हा राजानं त्याला हुसार दलात कप्तान केलं. त्याच्या घडणीतला हा वळणाचा दगड मी मानतो.

प्रशियाच्या घोडदळाचे तीन प्रकार होते. क्युरासिअर म्हणजे छातीवर लोखंडी पत्रा, हातात सरळ लांब तलवार, थोराड घोडी. मधले ड्रॅगून, चिलखत नसलेले. आणि हुसार म्हणजे हलकं घोडदळ, वाकडी तलवार, छोटी चपळ घोडी, काम टेहळणीचं, छाप्याचं, पाठलागाचं. जड घोड्यांसाठी होल्स्टाइनकडे जायचे, हुसारांची घोडी पोलंड आणि त्याच्या पूर्वेच्या मुलखातून यायची. साठ इंचांपुढचं थोराड जनावर आणि त्याहून लहान, काटक जनावर यांचा स्वभाव वेगळा, दम वेगळा, खाणं वेगळं. बहुतेक अधिकारी एकाच प्रकारात जन्म काढत. झाइडलित्स क्युरासिअरमधून हुसारात गेला, १७५२ मध्ये ड्रॅगून रेजिमेंटवर आणि लगेच १७५३ मध्ये ओलाउ इथल्या आठव्या क्युरासिअर रेजिमेंटवर आला. जड घोड्याची धडक आणि हलक्या घोड्याची हुशारी दोन्ही त्यानं हाताखाली वागवली. जड स्वारांकडून हुसारांची कामं करून घेणं त्याला जमलं ते यामुळे.

त्याआधी ४ जून १७४५ ला होहेनफ्रीडबर्गच्या लढाईत त्यानं एका सॅक्सन जनरलला कैद केलं आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी मेजर झाला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सूरच्या लढाईत एक गोष्ट घडली. ऑस्ट्रियाचे हलके स्वार प्रशियाच्या फौजेच्या पिछाडीवर पोचले होते. तिथून त्यांनी मागून धडक दिली असती तर राजाचं कठीण होतं. पण त्यांना राजाचा तळ दिसला, तंबू आणि सामानाच्या गाड्या दिसल्या, आणि ते लुटीला लागले. लढाई तिकडे चालू राहिली आणि प्रशिया जिंकला. घोडदळ हातातून कसं निसटतं याचा याहून स्वच्छ दाखला नाही.

आता हल्ल्याचा हिशोब पाहू.

फ्रेडरिकच्या हुकमांत हल्ल्याचं अंतर वर्षागणिक वाढत गेलं. १७४८ मध्ये ७०० पावलं, १७५० मध्ये १२००, आणि १७५५ मध्ये १८०० पावलं, त्यातली शेवटची ६०० सुसाट. प्रशियाचं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास धरलं तर १८०० पावलं म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर. एकटा घोडा हे अंतर हसत काढतो. पण शेकडो घोडी एका ओळीत, गुडघ्याला गुडघा लावून नेणं ही वेगळी विद्या आहे.

सुरुवात दुडक्या चालीनं होते. मग झेप, आणि शेवटचे साडेचारशे मीटर चौखूर. चौखूर घोडा सेकंदाला साधारण दहा मीटर काढतो, म्हणजे हा शेवटचा टप्पा पाऊण मिनिटाचा. त्या काळची बंदूक शंभर मीटरच्या आत आल्यावरच नेम धरण्यासारखी. ते शंभर मीटर घोडा दहा सेकंदांत कापतो. कसलेलं पायदळ मिनिटाला तीन बार काढत असे, म्हणजे एका बाराला वीस सेकंद. धडक भरधाव असेल तर समोरच्याला एकच बार मिळतो. तीच धडक दुडक्या चालीनं आली तर दोन, आणि रेंगाळली तर तीन. वेगाचा फायदा असा सरळ आकड्यांत दिसतो.

पण वेग लवकर लावला तर काय होतं? पहिल्या तीनशे मीटरमध्येच चांगली घोडी पुढे निघतात आणि जड घोडी मागे पडतात. ओळ करवतीसारखी दातेरी होते आणि पोचते तेव्हा स्वार एकेकटे असतात. म्हणून वेग ठरवायचा तो ओळीतल्या सगळ्यात मंद घोड्यावरून. चांगल्या घोड्याच्या स्वाराला लगाम ओढून धरावा लागतो, आणि दमाचा घोडा ओढून धरणं हे मंद घोडा हाकण्यापेक्षा अवघड काम आहे.

दुसरी खोड दाबाची. घोडी घाबरली की एकमेकांना चिकटतात. ओळीच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे दाब यायला लागतो. मधल्या घोड्यांच्या माना वर होतात, मग एखादा घोडा अक्षरशः उचलला जाऊन ओळीबाहेर फेकला जातो, पुढे तरी किंवा मागे तरी. स्वाराचा गुडघा शेजाऱ्याच्या खोगिरावर चिरडतो. हा दाब टाळायला मोकळं अंतर ठेवलं तर फटी पडतात आणि फटीतून शत्रूचा घोडा आत येतो. आधी रिकिबीला रिकीब लावून चालायचं, अशी पद्धत होती. झाइडलित्सच्या शिकवणीत ती आणखी घट्ट झाली: प्रत्येकाचा गुडघा शेजाऱ्याच्या गुडघ्यामागे. यात प्रत्येक घोडा किंचित मागेपुढे असतो, खांदा खांद्यावर आदळत नाही आणि तरी फट राहत नाही. हे साधायला स्वाराला एका हाताच्या लगामानं आणि पायाच्या दाबानं घोडा बोटभर इकडेतिकडे सरकवता आला पाहिजे. म्हणून त्याचा आग्रह असे की आधी एकेक स्वार घडवा, ओळ नंतर.

रंगरूट आधी खोगिराशिवाय, रिकिबीशिवाय बसायचा. रिकीब नसली की शरीराचा तोल मांड्यांत जातो आणि लगामाला लटकायची सवय मोडते. लगामाला लटकणारा स्वार घोड्याचं तोंड खराब करतो, आणि तोंड मेलेला घोडा भरधाव गेल्यावर थांबत नाही. मग खोगीर, मग उघडं रान, चर, कुंपणं, उतार. या शिकवणीत माणसं पडायची, मरायचीही. राजानं त्याबद्दल नाराजी दाखवली तेव्हा, चार मोडलेल्या मानांचा एवढा हिशोब महाराज करणार असतील तर रणांगणात हवे तसे धाडसी स्वार मिळायचे नाहीत, असं उत्तर त्यानं दिल्याची आख्यायिका आहे. या बाबतीत मला तो कठोर वाटतो.

खोगिराचा एक बारकावा आपल्याकडच्या स्वारांनाही उपयोगी आहे. तंग आवळताना घोडा पोट फुगवतो. त्या वेळी घट्ट वाटलेला तंग दहा मिनिटं चालल्यावर ढिला पडतो. म्हणून धावण्याआधी एकदा उतरून तंग पुन्हा आवळायचा, दोन बोटं जातील इतका. ढिल्या तंगानं धावलं तर खोगीर घसरतं हे झालंच, पण त्याआधी ते घासतं आणि पाठ लागते. मोहिमेवरच्या घोडदळात गोळीनं जितकी घोडी बाद होतात त्याहून जास्त पाठ लागून, नाल पडून आणि चंदी कमी पडून बाद होतात. आणखी एक: युरोपातल्या फौजा ओळीत घोड्या आणि खच्ची केलेले घोडे वापरत. आपल्याकडे यात्रेत मिरवतात ते नर घोडे देखणे असतात, पण गुडघ्याला गुडघा लावून चार नर उभे केले तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

इथे मराठी घोडदळाची आठवण येणं साहजिक आहे, कारण काळ तोच. झाइडलित्स युरोपात लढत होता त्याच वर्षांत, १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव होऊन बुऱ्हाणपूर आणि अशीरगड मराठ्यांकडे आले. बुऱ्हाणपूर म्हणजे खान्देश सुभ्याचं जुनं ठाणं. पण आपल्याकडचा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. घोडा मेला तर त्याची भाकरी गेली. असा माणूस समोरच्या बंदुकांच्या ओळीवर घोडा घालायला का कचरतो हे समजण्यासारखं आहे, आणि लांबून घेरणं, रसद तोडणं, दमवणं यात तो पटाईत का, हेही. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. प्रशियाच्या स्वाराचाही घोडा राजाचा. त्यामुळे तिथला सेनापती घोडी खर्चू शकत होता. दोन्ही पद्धती आपापल्या मुलखाला आणि तिजोरीला धरून होत्या. एकीच्या मापानं दुसरी मोजू नये.

१७५६ मध्ये सप्तवार्षिक युद्ध पेटलं; प्रशियासमोर ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि रशिया उभे राहिले. १८ जून १७५७ ला कोलीनला फ्रेडरिकचा पहिला मोठा पराभव झाला, पण त्या पडत्या दिवसातही झाइडलित्सनं क्युरासिअरांच्या ब्रिगेडनिशी जी धडक मारली तिच्यामुळे तो दोनच दिवसांत मेजर जनरल झाला, वय छत्तीस. सप्टेंबरात गोथा गावी त्यानं दीड-दोन हजार स्वारांनी आपल्याहून कैकपट मोठ्या फ्रेंच फौजेला गाव सोडायला लावलं. ओळी विरळ करून लांबवर पसरल्या आणि खुद्द राजा फौजेसह येतोय अशी आवई उठवली. हाती लागले ते बहुतेक आचारी, न्हावी आणि नाटकवाले.

मग ५ नोव्हेंबर १७५७, रोसबाख. एका बाजूला सुमारे २२,००० प्रशियन, दुसऱ्या बाजूला फ्रेंच आणि पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या बाजूच्या जर्मन संस्थानांची, मिळून ४१,००० च्या आसपास फौज. त्यांचा बेत असा की प्रशियाच्या तळाला दक्षिणेकडून वळसा घालून डाव्या अंगावर यायचं. दुपारी अडीचच्या सुमारास टेहळणीवरून राजाला खात्री पटली आणि थोड्याच वेळात तंबू उतरले. समोरच्यांना वाटलं, पळाले. त्यांनी घाई केली. घोडदळ पुढे आणि पायदळ मागे राहिलं, सगळे लांबलचक रांगांमध्ये.

झाइडलित्सला त्या दिवशी सगळं घोडदळ देण्यात आलं होतं, दोन जनरल त्याच्याहून वरिष्ठ असताना. त्यांना त्यानं सांगितलं म्हणतात, की मी राजाचा हुकूम मानतो आणि तुम्ही माझा. ३८ स्क्वॉड्रन, सुमारे चार हजार स्वार. यानुस नावाच्या बुटक्या टेकाडाच्या आडून त्यानं त्यांना शत्रूला समांतर नेलं. टेकाड फार उंच नाही, घोड्यावरचा माणूस झाकेल इतकंच. शत्रूला तो दिसत नव्हता, आणि त्याला मात्र शत्रूची रांग कुठवर आली ते कळत होतं. साडेतीनच्या सुमारास तो माथ्यावर आला तेव्हा शत्रूच्या रांगेचं तोंड त्याच्या समोर होतं आणि त्याची फौज आडव्या ओळीत लावून तयार होती. पाईप उडाला तो इथे.

उभ्या रांगेवर आडवी ओळ पडली की रांगेतले मागचे स्वार लढूच शकत नाहीत, त्यांच्यापुढे त्यांचीच माणसं असतात. दोन ऑस्ट्रियन क्युरासिअर रेजिमेंट तेवढ्या घाईत ओळ लावून भिडल्या, बाकीचे गोंधळले. झाइडलित्सनं मागे राखलेली दुसरी ओळ दोन्ही बाजूंनी वळवून आत घातली. अर्ध्या तासाच्या आत समोरचं घोडदळ उधळलं.

या क्षणी त्या काळचं जवळजवळ कुठलंही घोडदळ लढाईतून संपलं असतं. जिंकलेला स्वार पाठलागावर जातो. घोडा तापलेला असतो, पुढे पळणारी घोडी दिसली की तो त्यांच्यामागे जातोच. तलवारी बाहेर असतात, लुटीच्या गाड्या समोर असतात. दोन तासांनी घोडी तोंडाला फेस आणून इकडून तिकडून परततात. झाइडलित्सनं कर्णे वाजवून स्वार परत बोलावले, टागेव्हेर्बेनजवळच्या खोलगट जागेत नेले, ओळी पुन्हा लावल्या, आणि थांबला. घोड्यांचा दम खाली येऊ दिला. तोवर यानुस टेकडीवरच्या अठरा जड तोफा शत्रूच्या पायदळावर चालत होत्या आणि प्रशियाच्या सात बटालियन पुढे सरकत होत्या. शत्रूचं पायदळ डगमगायला लागलं तशी त्याची दुसरी धडक बाजूनं आणि मागून बसली. अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं होतं. प्रशियाचे साडेपाचशेच्या आसपास ठार-जखमी, समोरच्यांचे कैदी धरून दहा हजारांच्या घरात गेले. झाइडलित्स स्वतः जखमी झाला, आणि त्याला लेफ्टनंट जनरलचा हुद्दा व काळ्या गरुडाचं मानचिन्ह मिळालं.

धावलेला घोडा पुन्हा धावायला तयार आहे का, हे कळायची खूण बरगडीमागची खळगी. ती जोरात आतबाहेर होते तोवर घोडा दम भरतोय. ती शांत व्हायला तयार घोड्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, खाऊन सुटलेल्याला अर्धा तास. त्या वेळात त्याला उभा न ठेवता सावकाश चालवायचा, नाहीतर अंग आखडतं. टागेव्हेर्बेनच्या खोलगटात कमावलेली मिनिटं ही अशी होती. वर्षानुवर्षं घोडी तयार ठेवली म्हणून ती पुरली.

पुढच्या वर्षी, २५ ऑगस्ट १७५८ ला झोर्नडोर्फला रशियन फौजेशी गाठ पडली. प्रशियाच्या डाव्या बाजूचं पायदळ मोडत चाललं होतं. झाइडलित्स ३६ स्क्वॉड्रन घेऊन त्साबेर्न नावाच्या दलदलीच्या ओढ्यापलीकडे उभा होता. राजाचा निरोप आला, हल्ला कर. तो हलला नाही. पुन्हा निरोप, पुन्हा नाही. शेवटी धमकी आली की हे शिरावर येईल. त्यानं उलट कळवलं म्हणतात, की लढाईनंतर माझं शिर महाराजांच्या स्वाधीन आहे, तोवर ते त्यांच्याच सेवेत वापरू द्यावं.

हा उद्धटपणा नव्हता. ओढा ओलांडायच्या वाटा त्यानं आधी शोधून ठेवल्या होत्या. दलदलीतून घोडदळ एका ओळीत जात नाही, निमुळत्या रांगांतच जातं, आणि पलीकडे पोचलेली पहिली तुकडी तिथेच थबकली तर मागच्यांना चढायला जागा उरत नाही. तिनं पुरेसं पुढे जाऊन डावीउजवीकडे पसरायचं असतं. हे चालू असताना शत्रूचं लक्ष त्या जागेवर असेल तर कत्तल ठरलेली. रशियन फळी प्रशियाचं पायदळ हाकत पुढे आली, विस्कळीत झाली, तिची बाजू उघडी पडली, तेव्हा तीन रांगांनी त्यानं ओढा पार केला, पलीकडे ओळ लावली आणि मग घोडी सोडली.

रशियन पायदळ मोडलं, पण पळालं नाही. उभ्या जागी संगिनींनी लढत राहिलं. त्या दिवशी दोन्हीकडे जी माणसं पडली त्यांची गणती त्या युद्धातल्या सगळ्यात भयंकर गणत्यांत होते. अशा माणसांत घोडदळ गुंतून पडलं की वेग संपतो आणि स्वार उंच निशाण होतो. झाइडलित्सनं स्वार मागे घेतले, झोर्नडोर्फ गावाशी पुन्हा जमवले, आणि दुपारनंतर पायदळ दुसऱ्यांदा फुटलं तेव्हा पुन्हा घातले. म्हणून राजाची फौज तगली.

होखकिर्खच्या पराभवात, १४ ऑक्टोबर १७५८ ला, त्याच्या घोडदळानं माघार झाकली. १२ ऑगस्ट १७५९ ला कुनर्सडोर्फला मात्र तळी, रेताड जमीन आणि तोफांचे मोर्चे यांत घोडदळ घालावं लागलं. ओळ लावायला जागा नाही आणि धावायला अंतर नाही, तिथे त्याच्या विद्येचा उपयोग नव्हता. त्याचा हात जबर जखमी झाला आणि तो बराच काळ रणांगणाबाहेर राहिला. १७६० मध्ये लग्न केलं. १७६१ ला राजाच्या भावाच्या, प्रिन्स हेन्रीच्या हाताखाली परतला आणि २९ ऑक्टोबर १७६२ ला फ्रायबर्गच्या लढाईत त्यानं घोडदळाबरोबर पायदळही चालवलं.

युद्ध संपल्यावर सायलेशियातल्या घोडदळाचा तो महानिरीक्षक झाला. १७६७ मध्ये घोडदळाचा जनरल. ओलाउला बसून त्यानं शेवटची दहा वर्षं शिकवण्यात घातली. परदेशचे अधिकारी त्याची कवायत पाहायला येत. १७७३ मध्ये तो वारला, वय बावन्न.

या परदेशी अधिकाऱ्यांनी पाहिलं ते काय आणि नेलं ते काय, हा वेगळा विषय आहे. भरधाव ओळ डोळ्यांत भरते, तिची नक्कल करता येते. मागे राखलेली दुसरी ओळ आणि कर्ण्यावर परत येणारे स्वार पाहुण्याच्या नजरेत भरत नाहीत. खुद्द प्रशियातही ते टिकलं नाही. १४ ऑक्टोबर १८०६ ला आउअरश्टेटच्या लढाईत प्रशियाचा सेनानी ब्ल्यूखर यानं फ्रेंच पायदळावर घोडदळ घातलं. ब्ल्यूखर जातिवंत हुसार, धाडसात कुणाला न हटणारा. पण पाठीशी पायदळ नव्हतं, तोफा नव्हत्या, आणि समोरच्या फ्रेंचांनी चौकोन बांधले होते, म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून उभे होते. धडक एकामागून एक बसली आणि चौकोनांवर फुटली. ब्ल्यूखरचा घोडा त्याच्या खाली पडला. स्वार मागे वळले ते एकत्र आलेच नाहीत, आणि मागून येणाऱ्या आपल्याच पायदळाला तुडवत निघून गेले.